पुण्यतिथी विशेष : खंजिरीवाल्या महाराजांनी आधी गरिबाचं घर पाहिलं

चिमूर : आश्विन वद्य पंचमी जवळ आली की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या गावागावांत लगबग सुरू होते. प्रार्थना मंदिराची झाडलोट होते, ठेवणीतल्या भगव्या टोप्या निघतात, खंजिरी पुसून ठेवली जाते. त्या दिवशी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहिली जाते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी याच वेळेला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी देह ठेवला. महाराजांचा फोटो घरोघरी आहे, भजनं तोंडपाठ आहेत. पण गावातली बाई आणि गरिबाचं घर यांच्यासाठी त्यांनी काय मांडून ठेवलं, हे नव्या पोरांना सांगायला पाहिजे.

शिंप्याच्या घरचा माणिक

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावचा. नाव माणिक बंडोजी इंगळे. वडील शिवणकाम करायचे. घरात अठराविश्वे दारिद्र्य. आई मंजुळाबाईंनी कसंबसं घर ओढलं. शाळा तिसरीच्या आसपासच सुटली. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. त्यांनीच या पोराला तुकड्या म्हटलं आणि तेच नाव पुढे देशभर गेलं.

ऐन उमेदीत माणिक घर सोडून रानात निघाला. त्या काळात आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे मिळून एकच चांदा जिल्हा होता. चिमूर भागातल्या गोंदेड्याच्या गुंफेत त्यांनी तप केलं. ती जागा आज तपोभूमी म्हणून ओळखली जाते, तिथं यात्रा भरते. रानात राहिलेल्या या तरुणानं मोहफुलं वेचणारी, पानं तोडणारी, दुसऱ्याच्या बांधीत रोवणा करणारी माणसं जवळून पाहिली. पुढे त्यांच्या बोलण्यात देवाआधी गाव येऊ लागलं, त्याचं मूळ इथं आहे.

१९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. १९३६ मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधींच्या सहवासात राहून आले.

चिमूरचा ऑगस्ट

१९४२ च्या ऑगस्टमध्ये महाराजांची भजनं चिमूर भागात गाजत होती. भजन ऐकायला आलेला शेतकरी, मजूर घरी जाताना स्वराज्याचं बोलत जाई. १६ ऑगस्टला नागपंचमीच्या दिवशी चिमूर पेटलं. मिरवणुकीवर गोळीबार झाला, तरुण बालाजी रायपूरकर शहीद झाला. चिडलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. तीन दिवस चिमूर इंग्रजांच्या ताब्यात नव्हतं.

त्यानंतर फौज आली. पुरुष पकडून नेले, काही रानात पळाले. घरात उरल्या बायका आणि लेकरं. चिमूरच्या बायांवर जे अत्याचार झाले, त्याची चौकशी सरकार करायला तयार नव्हतं. त्यासाठी भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं. फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचवायला अनसूयाबाई काळे दारोदार फिरल्या.

महाराजांना ऑगस्टअखेर चंद्रपूरला अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवून डिसेंबरमध्ये सोडलं. चिमूरनं एक गोष्ट दाखवून दिली होती. लढाई कोणाचीही असो, घाव आधी बाईच्या अंगावर येतो. आणि ज्या गावाची स्वतःची घडी नाही, ते संकटात तिला सावरू शकत नाही. तुरुंगातून आल्यावर महाराजांनी गावाच्या घडीचंच काम हाती घेतलं. १९४३ मध्ये श्री गुरुदेव सेवा मंडळाची बांधणी झाली. सकाळी गावसफाई, संध्याकाळी सर्वांची एकत्र प्रार्थना. प्रार्थनेत सगळ्या जातींनी एका सतरंजीवर बसायचं. त्या काळी खेड्यात ही साधी गोष्ट नव्हती.

ग्रामगीतेत बाईचा अध्याय

१९५५ मध्ये ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ४१ अध्यायांचा हा ग्रंथ महाराजांनी ग्रामदेवतेला वाहिला. त्यात ग्रामशुद्धी आहे, ग्रामआरोग्य आहे, गोवंश सुधार आहे, गरीबी-श्रीमंती आहे, दलितसेवा आहे. महिलोन्नती हा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्याला लागूनच वैवाहिक जीवनाचा अध्याय येतो. ही मांडणी उगाच नाही.

गरिबाचं घर बुडतं कशानं, हे महाराजांनी नीट हेरलं होतं. पोरीचं लग्न निघालं की हुंडा, मानपान, जेवणावळी. त्यासाठी सावकाराचं कर्ज, मग शेत गहाण. घरात कोणी मेलं की पुन्हा तेरवीचा खर्च. त्यावर दारू. पैसा चार वाटांनी जातो आणि चारही वेळा घरच्या बाईच्या ताटातलं कमी होतं. म्हणून महाराजांनी साध्या लग्नाचा, साध्या अंत्यसंस्काराचा, व्यसनमुक्तीचा आग्रह धरला. मुलीला शाळेत घातलंच पाहिजे, सुनेला दासीसारखं वागवू नये, हे ते भजनाच्या मांडवात, सासू-सासऱ्यांसमोर सांगत. बाई शिकली तर घर सावरतं, घरं सावरली तर गाव सावरतं, असा त्यांचा हिशोब होता.

नुसता उपदेश करून ते थांबले नाहीत. विनोबांच्या भूदान कार्यात फिरले, कारण भूमिहीनाला जमीन मिळाल्याशिवाय त्याची चूल निश्चिंत होत नाही. १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेला जाऊन आले. १९६७ च्या कोयना भूकंपात मदतीला धावले. शेवटी कर्करोगानं गाठलं.

त्यांच्यानंतर

नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये महाराजांचं नाव लागलं. पण त्यांची खरी आठवण याच जिल्ह्यातल्या बायांनी करून दिली. डिसेंबर २०१० मध्ये दारूबंदीसाठी हजारो बाया चिमूरहून नागपूरला विधानभवनाकडे पायी निघाल्या. थंडीत, डोक्यावर गाठोडं घेऊन. २०१५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये ती उठली. कायदा आला आणि गेला, दारूनं बसणारी घरं मात्र तिथंच आहेत.

यंदाही पुण्यतिथीला ग्रामगीतेचं पारायण होईल, काला होईल, पंगती उठतील. मांडवात पुढच्या रांगेत कोण बसलं, यापेक्षा महिलोन्नतीचा अध्याय वाचून झाल्यावर गावात यंदा किती लग्नं हुंड्याशिवाय झाली, किती मुली दहावीनंतर शाळेत टिकल्या, याची बेरीज ग्रामसभेत मांडली, तर गोंदेड्याच्या गुंफेतून निघालेला तो माणूस गावात पुन्हा आल्यासारखं होईल.