मद्रासचा गव्हर्नर एलिहू येल

अमेरिकेतील विख्यात येल विद्यापीठ ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या एलिहू येलचे ८ जुलै १७२१ रोजी लंडन येथे निधन झाले. १६४९ मध्ये बोस्टन येथे जन्मलेला येल बालपणीच इंग्लंडला गेला. जन्मभूमीस तो पुन्हा परतला नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत तो १६७२ मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, आला आणि १६८७ मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्याचा गव्हर्नर झाला.

छत्रपती राजाराम महाराज जिंजी येथे असताना, १६९० मध्ये, कंपनीने मराठ्यांकडून कडलूरनजीकचा किल्ला विकत घेतला. किल्ल्यावरील तोफेचा गोळा जिथवर पोहोचेल तिथवरची गावे कंपनीची, असा तो विलक्षण व्यवहार होता!

येलच्या काळात मद्रासहून गुलामही जहाजांवर चढविले जात. मात्र १६९२ मध्ये त्याचे पद गेले, ते खाजगी व्यापाराच्या आरोपांवरून. मद्रासमध्ये जमविलेल्या संपत्तीतून त्याने १७१८ मध्ये कनेटिकटमधील एका लहान महाविद्यालयास मालाचे नऊ गठ्ठे व ४१७ पुस्तके दिली. मालाच्या विक्रीतून ५६२ पौंड मिळाले व महाविद्यालयास येलचे नाव देण्यात आले. गुलामगिरीशी असलेल्या आपल्या संबंधांबद्दल विद्यापीठाने २०२४ मध्ये जाहीर क्षमायाचना केली. नाव मात्र कायम आहे.