एका पदवीची किंमत

मंडईत शिरलं की प्रत्येकाच्या तोंडी पहिला प्रश्न एकच असतो, केवढ्याला? भाव विचारल्याशिवाय पुणेकर पिशवी उघडत नाही. आणि महिनाअखेरीचे आपण हॉस्टेलवाले तर पुणेकरांच्याही वरताण! आता मेट्रो थेट मंडईपाशी थांबते, त्यामुळे तुमचंही तिकडे जाणं होत असेलच. पुढच्या वेळी गेलात की भाजीवरून नजर काढून जरा मान वर करा आणि उंच मनोऱ्याच्या त्या दगडी इमारतीकडे बघा.

ही इमारत १८८६ साली पूर्ण झाली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा. त्या वेळच्या गव्हर्नरच्या नावावरून नव्या इमारतीला रे मार्केट म्हणत. महात्मा फुल्यांचं नाव तिला पुष्कळ नंतर मिळालं. गंमत म्हणजे नगरपालिकेचे सभासद असताना याच मंडईवरच्या खर्चाला फुल्यांनी विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्याच १८८६ साली, पुण्यापासून हजारो मैल दूर, अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एक मराठी मुलगी डॉक्टर झाली. शिक्षणाची किंमत काय असते हे तिच्याइतकं क्वचितच कोणाला कळलं असेल. तिचं नाव आनंदीबाई गोपाळराव जोशी.

आम्हा कॉन्व्हेंटच्या मुलांना आनंदीबाई भेटल्या त्या जनरल नॉलेजच्या पुस्तकात, एका ओळीत. पहिली भारतीय स्त्री डॉक्टर, बस्स. (त्याच वर्षी कोलकात्यात कादंबिनी गांगुलींनीही वैद्यकाचं शिक्षण पूर्ण केलं, हे त्या ओळीत मावत नाही.) पण आनंदीबाई एका ओळीत मावणाऱ्या नाहीत.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचं, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात कारकून, बिजवर आणि वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. लग्नानंतर यमुनेची आनंदी झाली. त्या काळात बायको अभ्यासाला बसली तर घरात वादळ उठायचं. या घरात उलटं होतं. बायको अभ्यासाला बसली नाही तर नवरा चिडायचा! गोपाळरावांना बायकोला शिकवण्याचा ध्यासच होता. तिला शिकता यावं म्हणून ते बदल्या मागून घेत. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता... जिथे पोस्ट तिथे बिऱ्हाड.

आपल्याला सिनेमासारखा एक हिरो आणि एक व्हिलन लागतो. गोपाळराव दोन्ही खणांत नीट बसत नाहीत. त्यांच्याशिवाय आनंदीबाई डॉक्टर झाल्या नसत्या हे खरं. आणि याच गोपाळरावांनी त्यांना लहान वयात मारहाण केली हेही खरं. स्वतः आनंदीबाईंच्या पत्रांतून ते कळतं. त्यांच्या पदवीची किंमत ठरवायची तर हा आकडाही त्यात धरावा लागेल.

चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. बाळ दहा दिवस जगलं.

चौदाव्या वर्षी आपण नववीत असतो. युनिट टेस्टचं टेन्शन घेत असतो. त्या वयात या मुलीने मूल गमावलं. वैद्यकीय मदत नीट मिळाली असती तर ते वाचलं असतं, असं तिला वाटत राहिलं. पण मदत मिळणार कुठून? डॉक्टर सगळे पुरुष. बाईने परक्या पुरुषाला नाडीसुद्धा दाखवायची नाही, मग बाळंतपणाचं काय बोलणार? सुईण अनुभवाने जे करील तेवढंच. इथून पुढे शिक्षण ही फक्त नवऱ्याची हौस राहिली नाही. डॉक्टर व्हायचं हे आनंदीबाईंनी स्वतः ठरवलं.

पण शिकायचं कुठे? गोपाळरावांनी १८७८ साली मदतीसाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं त्यात धर्म बदलण्याची सूचना होती. ती दोघांनाही मान्य नव्हती. तो पत्रव्यवहार तिकडच्या एका मासिकात छापून आला. पुढे १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसल्या होत्या. तिथे पडलेला जुना अंक त्यांनी सहज चाळला आणि हे पत्र त्यांच्या नजरेला पडलं. त्यांनी लगेच आनंदीबाईंना लिहिलं. एकमेकींना कधी न पाहिलेल्या या दोघींचं मावशी-भाचीचं नातं जुळलं ते कायमचं. वेटिंग रूममधल्या जुन्या मासिकांना नावं ठेवण्याआधी हे आठवा!

परदेशी जायचं ठरल्यावर लोकांनी वाळीत टाकण्यापर्यंतची भाषा केली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केलं. वय वर्षं सतरा. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे, आपण एकट्या का जातोय, याची उत्तरं त्यांनी एकेक मुद्दा घेऊन दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही ठणकावून सांगितलं. ७ एप्रिलला बोट सुटली आणि जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरमावशी न्यायला आल्या होत्या.

फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० साली खास स्त्रियांसाठी निघालेलं. तिथल्या डीन रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक. त्यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. तीन वर्षांचा कोर्स. परकी भाषा, शाकाहारी जेवणाचे हाल, हाडं गोठवणारी थंडी आणि अंगात साडी. खोलीतली शेगडी पेटवली तर धूर व्हायचा, विझवली तर थंडी. आपल्या हॉस्टेलच्या गिझरला रोज शिव्या घालणाऱ्यांनी ही खोली डोळ्यांसमोर आणावी. तब्येत तर निघतानाच नाजूक होती. ताप, डोकेदुखी, अशक्तपणा... तरी अभ्यास सुटला नाही. १८८५ मधला एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात एका रांगेत आहेत. तीन देशांच्या तीन मुली, एकाच कॉलेजच्या.

प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला प्रसूतिशास्त्राचा. आपले जुने वैद्यकग्रंथ आणि अमेरिकेतली पाठ्यपुस्तकं दोन्ही समोर ठेवून लिहिलं. दहा दिवसांचं ते बाळ या विषयाच्या मागे होतं असं मला वाटतं. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. मिळाली. सोहळ्याला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. एकविसावं वर्ष पूर्ण व्हायला आनंदीबाईंना अजून २० दिवस बाकी होते.

आता आपल्या लाइनचा थोडा विचार करू. तेव्हाचा डॉक्टर पोटातलं बाळ कसं तपासायचा? दोन साधनं, हात आणि कान. हाताने चाचपून बाळ उभं की आडवं ते ओळखायचं आणि पोटाला कान किंवा स्टेथोस्कोप लावून ठोके मोजायचे. डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. एक्स-रे यायला १८९५ उजाडायचं होतं. आणि तरी गंमत बघा. कार्पेंटरबाईंनी ते मासिक चाळलं त्याच १८८० साली पॅरिसमध्ये पिअर आणि जाक क्युरी या भावांनी पीझोइलेक्ट्रिसिटी शोधली होती. स्फटिक दाबला की त्यावर विद्युतभार येतो. सोनोग्राफीच्या प्रोबचं मूळ तिथे आहे. पण त्या स्फटिकापासून बाळाच्या चित्रापर्यंत पोचायला आणखी ७८ वर्षं लागली.

आनंदीबाईंना कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाचं काम देऊ केलं. आज ते सी.पी.आर. म्हणून ओळखलं जातं. पण क्षयाने शरीर पोखरलं होतं. क्षयाचा जंतू कॉखने १८८२ मध्येच दाखवला होता, पण त्यावर औषध नव्हतं. दुसऱ्यांच्या शरीरात काय चाललंय ते कळावं म्हणून शिकलेल्या या मुलीच्या स्वतःच्या छातीत डोकावायचं साधनही तेव्हा कोणाकडे नव्हतं. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या परतल्या आणि उपचारांसाठी पुण्यात आल्या. मंडईची इमारत तेव्हा नवी कोरी होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच त्या गेल्या. कोल्हापूरच्या त्या खुर्चीवर त्या एक दिवसही बसल्या नाहीत. अस्थी कार्पेंटरमावशींकडे पाठवल्या गेल्या, आणि मावशींनी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत त्यांना जागा दिली.

मग त्या पदवीचा उपयोग काय झाला? हा प्रश्न कितीही क्रूर वाटला तरी इंजिनीअरच्या डोक्यात येतोच. इनपुट एवढं, आउटपुट शून्य?

याचं उत्तर शोधायला आपण ७० वर्षं पुढे, ग्लासगोला जाऊ. तिथे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी धातूतल्या भेगा शोधायचं अल्ट्रासाउंड यंत्र पेशंटवर वापरून बघितलं. टॉम ब्राउन या तरुण इंजिनीअरने त्यातून पोटाचं चित्र काढणारं यंत्र बनवलं. १९५८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तत्त्व आपल्याला लॅबमध्ये शिकवतात तेच. लहर सोडायची, प्रतिध्वनी ऐकायचा, वेळ मोजायचा. शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर, म्हणजे १० सेंटिमीटर खोलीवरून लहर साधारण १३० मायक्रोसेकंदांत परत येते. मध्ये हवा राहिली तर लहर तिथूनच मागे फिरते, म्हणून पोटावर जेल लावतात.

पण नुसतं यंत्र पुरत नाही. सोनोग्राफीत प्रोब किती कलवायचा, किती दाबायचा, पडद्यावरच्या करड्या ठिपक्यांत वार कुठली आणि सावली कुठली हे हाताला आणि डोळ्याला शिकवावं लागतं. एकाच मशीनवर शिकलेल्या हाताला बाळाचं हृदय दिसतं आणि न शिकलेल्या हाताला ढग! अमेरिकेत यासाठी सोनोग्राफर हा वेगळा पेशा आहे आणि त्याचा वेगळा कोर्स आहे. आपल्याकडे गर्भवतीची सोनोग्राफी डॉक्टरनेच करायची असते. रेडिओलॉजीसारखी पदव्युत्तर पदवी नसलेल्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी २०१४ च्या नियमांनी सहा महिन्यांचं प्रशिक्षण घालून दिलं आहे. आनंदीबाईंचं बाळ सोनोग्राफीने वाचलं असतं का, ते सांगता येणार नाही. पण बाळाची वाढ आणि वारेची जागा आधी कळली असती. चौदा वर्षांच्या त्या आईला निदान अंधारात राहावं लागलं नसतं.

आणि आपण या दृष्टीचं काय केलं? त्याच यंत्राने मुलगी ओळखून ती नको म्हटलं. गर्भलिंग तपासणीवर सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, कायदा करावा लागला तो महाराष्ट्राला. देशाचा कायदा १९९४ चा. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ झाल्या. आनंदीबाईंनी जिवावर उदार होऊन जे ज्ञान मागितलं, त्याच्या पुढच्या पायरीवर उभं राहून आपण आनंदी जन्मालाच येऊ नये अशी सोय केली.

म्हणून वाटतं, आउटपुट शून्य नव्हतं. सतराव्या वर्षी त्या सभागृहात आनंदीबाईंनी सांगितलं होतं की हे शिक्षण कोणासाठी घ्यायचं आहे. तेवढं विसरलं की यंत्र कितीही चांगलं असो, ते भलतीकडे जातं. उद्या आपल्यापैकी कोणी प्रोब डिझाइन करील, कोणी इमेज प्रोसेसिंगचा कोड लिहील, कोणाची बहीण रेडिओलॉजिस्ट होईल. तेव्हा डिग्रीवर पॅकेज किती, हे सगळे विचारतीलच. डिग्री कोणासाठी, हे मात्र ज्याचं त्याने स्वतःला विचारायचं असतं. आनंदीबाईंनी विचारलं होतं.