संत इग्नेशियस लोयोला आणि शंकांचे ते दिवस

संत इग्नेशियस लोयोला म्हटले की १५२१ सालची पाम्प्लोनाची लढाई, पायावर बसलेला तोफेचा गोळा आणि पुढे येशूसंघाची स्थापना एवढे आपल्याला आठवते. मान्रेसा गावी त्यांनी भोगलेल्या मानसिक यातना मात्र आपण सहसा विसरतो.

मार्च १५२२ मध्ये माँसेरात येथील मठात त्यांनी आयुष्यभराची पापे लिहून काढली आणि तीन दिवस लावून ती कबूल केली. तरीही मान्रेसात, काहीतरी सांगायचे राहून गेले ही शंका त्यांना पोखरू लागली. ते पुनःपुन्हा कबुली देत. समाधान मात्र लाभत नसे. गतकाळातील अगदी स्पष्ट असेल तेवढेच सांगावे, असे धर्मगुरूंनी बजावले. पण इग्नेशियस यांना सारेच स्पष्ट वाटे! दोमिनिकन मठातील त्यांच्या खोलीत एक मोठे भोक होते. त्यातून स्वतःला झोकून द्यावे, असा मोहही त्यांना होई. एक आठवडा त्यांनी अन्नपाणी वर्ज्य केले. धर्मगुरूंच्या आज्ञेने उपवास सुटला, दोन दिवस शांती लाभली आणि तिसऱ्या दिवशी शंका परतल्या.

तेव्हा त्यांनी पापांचा हिशेब बाजूला ठेवून त्या विचारांच्या चालीकडेच पाहिले. हे विचार येतात कसे, नेतात कुठे? जखमी असताना लोयोलाच्या वाड्यात त्यांना ही दृष्टी लाभली होती. गतपापांची पुन्हा कबुली द्यायची नाही, असा निश्चय त्यांनी केला आणि ते मुक्त झाले.

१५४८ मध्ये पोपमहोदयांनी मान्यता दिलेल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात त्यांनी याविषयी टिपणे दिली आहेत. जमिनीवर क्रुसाकार पडलेल्या काड्यांवर पाय पडला आणि माणसाने ते पाप मानले, तर ती निव्वळ चूक. पाप घडले असे वाटते आणि घडले नाही असेही वाटते, ही घालमेल म्हणजे खरी शंका.

ज्याला आपण मंत्रचळ म्हणतो त्या ओसीडी या आजाराविषयी मानसशास्त्र आज असेच काही सांगते. नको ते विचार बहुतेकांच्या मनात येतात. मात्र त्या विचाराला आपण जो अर्थ देतो, तो मनात आला म्हणजे पाप घडलेच असे मानतो, त्यातून आजार बळावतो. स्वतःच्या विचारांकडे असे पाहणे यालाच मेटाकॉग्निशन म्हणतात. उपचारांत रुग्णाला शंका सोसून, खात्री करून घेण्याची कृती टाळायला शिकवतात. गरजेनुसार औषधेही देतात. संतांना हाच आजार होता, असे निदान पाच शतकांनंतर करणे आम्हाला धाडसाचे वाटते. कबुली थांबवण्याचा त्यांचा निश्चय मात्र या उपचाराच्या फार जवळचा आहे.

१५३६ मध्ये त्यांनी व्हेनिसहून बार्सेलोनाच्या धर्मभगिनी तेरेसा रेजादेल यांना पत्र लिहिले. स्वतःला सतत दोषी ठरवणाऱ्या विचारांना कसे ओळखावे, हे त्यांनी त्यात धीराने समजावले आहे.