जनीचा बॅकअप कोणी घेतला?

ही गोष्ट लॅबमधल्या सर्व्हरपासून सुरू होते आणि गंगाखेडला पोचते, त्यामुळे जरा धीर धरा.

मिनी प्रोजेक्ट म्हणून आम्ही चौघांनी दोन जुन्या पीसींवर मेल सर्व्हर उभा केला होता. पहिल्या मशीनवर आलेली प्रत्येक मेल लगेच दुसऱ्यावर कॉपी व्हायची, म्हणजेच रेप्लिकेशन. व्हायवाच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर पहिल्या मशीनची वायर उपटली, तरी मेल चालूच! आमची कॉलर टाईट. त्याच रात्री टेस्टच्या मेल साफ करताना आमच्यापैकी एकाने (नाव सांगत नाही, पण हा लेख तोच लिहितोय) चुकीच्या फोल्डरवर डिलीट मारलं. दुसऱ्या मशीननेही इमानेइतबारे तेच केलं. दोन्हीकडे शून्य. एक मशीन मेलं तर रेप्लिकेशन वाचवतं, पण माणूस चुकला तर ते चुकीचीही कॉपी करतं. पुस्तकात हे वाचलं होतं. कळलं मात्र रात्री दोन वाजता.

त्या सुट्टीत आजोळी गंगाखेडला गेलो. पहाटे आजी तांदूळ निवडत जनाबाईंचा अभंग म्हणत होती. आजीला अक्षरओळख नाही. जनाबाई होऊन गेल्या त्याला पावणेसातशे वर्षं झाली. त्यांच्याकडे ना कागद, ना पैसा, ना स्वतःचं घर. मग हा डाटा आजीपर्यंत आला कुठून? डोक्यातून प्रश्न जाईना, म्हणून त्यांचं चरित्र वाचायला घेतलं.

आपल्या परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठावर गंगाखेड आहे. तिथल्या दमा आणि करुंड या विठ्ठलभक्त जोडप्याच्या पोटी जनीचा जन्म झाला. साल नक्की नाही, तेराव्या शतकाचा उत्तरार्ध धरतात. लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटी शिंप्यांच्या घरी कामाला आली. मुलीला अशी परक्या दारात सोडताना बापाच्या मनात काय आलं असेल, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. पुढे याच घरात नामदेव वाढले. परंपरेप्रमाणे त्यांचं जन्मसाल १२७०. त्यांचं गाव म्हणून मानलं जाणारं नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १९९९ साली हिंगोली वेगळा होईपर्यंत तेही परभणीतच होतं. म्हणजे मालक आणि दासी दोघंही आपलेच! असो.

जनाबाई नामदेवांहून वयाने मोठ्या होत्या, त्यांनी नामदेवांना अंगाखांद्यावर खेळवलं असं सांगतात. पुढे त्याच नामदेवांना त्यांनी गुरू मानलं. कामं मात्र सुटली नाहीत. दळण, कांडण, पाणी भरणं, झाडलोट, शेण गोळा करून गोवऱ्या थापणं. अभंग झाले ते हे सगळं करता करता. म्हणून त्यांच्या अभंगात विठ्ठल देवळात उभा राहत नाही, तो दळायला हात लावतो, केर भरतो, पाणी वाहतो. दिवसभर राबणाऱ्या एकट्या बाईला सोबत हवी होती आणि ती तिने देवाकडून हक्काने मागून घेतली, असं मला वाटतं. गोपाळपुरात त्यांचं जातं म्हणून आजही एक जातं दाखवतात.

आता मुद्द्याचा भाग. जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे, त्यात कोणत्या संताचे अभंग कोणी लिहून घेतले याची चक्क यादी आहे. ज्ञानेश्वरांचे सच्चिदानंदबाबांनी, निवृत्तिनाथांचे सोपानदेवांनी, सावता माळ्यांचे काशिबा गुरवाने, चोखोबांचे अनंतभट्टाने. आपल्या भाषेत, प्रत्येकाला एकेक स्टोरेज सर्व्हर नेमून दिलेला. शेवटी जनाबाई स्वतःकडे येतात आणि सांगतात की माझे अभंग पांडुरंग लिहितो. कीर्तनात या जागी टाळ्या पडतात. मला मात्र ते वाचून कसंतरीच झालं. सगळ्यांना लिहून घेणारा माणूस मिळाला, दासीच्या वाट्याला माणूस आलाच नाही.

तरीही आज जवळपास साडेतीनशे अभंग त्यांच्या नावावर आहेत. ते टिकले याला पहिलं कारण म्हणजे नामदेवांचं घर. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा पण केला आणि घरातली सगळी माणसं त्यात सामील झाली, अशी कथा आहे. जनीही त्यात होतीच. तिचे अभंग नामदेवांच्या अभंगांबरोबर राहिले, वारकऱ्यांच्या वह्यांमधून उतरत गेले, पुढे नामदेवांच्या गाथेसोबतच छापले गेले. मालकाच्या डिस्कवर दासीचं एक फोल्डर, असं म्हणा.

पण नामदेवांच्या वाणीची आणखी एक प्रत दूर पंजाबात होती. तिथे गायली जाणारी त्यांची ६१ पदं १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात गेली आणि त्यानंतर ती गुरुग्रंथसाहिबात अक्षरशः जशीच्या तशी जपली गेली. त्यात कुणी काना-मात्रा बदलायची नाही, असा दंडक. याला म्हणतात खरा बॅकअप. दुसऱ्या प्रदेशात, दुसऱ्या लिपीत, दुसऱ्या लोकांच्या ताब्यात, आणि गोठवलेला. जनीच्या नशिबी असा ग्रंथ नव्हता.

तिचा दुसरा सर्व्हर होता जातं. पहाटे दळायला बसलेल्या बाया तिचे अभंग म्हणत राहिल्या. आईकडून लेकीकडे, लेकीबरोबर सासरी. एक बाई गेली तरी गाणं थांबत नव्हतं, कारण तेच गाणं शेजारच्या दहा घरांत होतं. मात्र बॅकअपसारखी ही कॉपी गोठलेली नव्हती. कुणी शब्द विसरला की जवळचा शब्द बसवायचा, तोच पुढे जायचा. तेराव्या शतकातली मराठी आज आपल्याला सहज कळत नाही (लीळाचरित्राचं एखादं पान उघडून बघा), जनाबाईंचे अभंग मात्र कळतात. भाषा वाटेत बदलत आली, हे याचं एक मोठं कारण असणार. शिवाय शेवटी नामयाची जनी अशी मुद्रा घातली की कोणाचाही अभंग तिच्या नावावर खपतो. मेलच्या फ्रॉममध्ये कोणाचंही नाव टाकता येतं, तसंच हे. त्यासाठी मेलमध्ये आता डिजिटल सही आली.

सहीची गोष्ट जनाबाईंकडेही आहे बरं का! गोवऱ्यांवरून त्यांचं शेजारणीशी भांडण लागलं. तेवढ्यात कबीर तिथे आले. जनीच्या गोवऱ्या ओळखायच्या कशा? तर कानाला लावायच्या, ज्यातून विठ्ठलनाम ऐकू येईल ती जनीची. कबीर पंधराव्या शतकातले, त्यामुळे भेट खरी असणं शक्य नाही. पण वस्तू कोणाची हे तिच्यावरच्या नावावरून नाही, तिच्या आतून ठरवायचं, ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला सलाम.

१३५० साली आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवांनी पंढरपूरच्या महाद्वारी समाधी घेतली, त्याच वेळी जनाबाईंनीही देह ठेवला असं परंपरा सांगते. पुढे सहाशे वर्षं जाती फिरत राहिली. मग गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या. बायांचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं, पण हजारो सर्व्हर एकदम बंद पडले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी कार्यकर्त्यांना घेऊन महाराष्ट्रभरच्या बायांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या नसत्या, तर त्यातल्या किती उरल्या असत्या कोण जाणे.

आजीचा अभंग मी छापील गाथेशी ताडून पाहिला. तीन ठिकाणी शब्द वेगळे निघाले. आजीला विचारलं तर ती म्हणाली की तिच्या आईने असंच शिकवलं, आणि पुस्तकवाल्याला काय ठाऊक! मी दुरुस्ती केली नाही. तिच्या आवाजात तारीख सांगून रेकॉर्ड केलं. एक प्रत माझ्याकडे, एक परभणीला मामाच्या घरी.

प्रोजेक्टमध्ये आता दोन मशीनशिवाय तिसरी एक हार्डडिस्क आहे. रोज रात्री तिच्यावर बॅकअप होतो, मागच्या सात रात्रींच्या प्रती वेगवेगळ्या राहतात, आणि डिस्क काढून हॉस्टेलच्या कपाटात जाते. दर शनिवारी एक प्रत रिकाम्या मशीनवर उतरवून मेल खरंच उघडतात का ते बघतो. पहिल्या शनिवारी उघडल्या नव्हत्या.