बार्शीच्या मास्तरांचे आकाश

आकाशदर्शनाचा कार्यक्रम म्हटला की सर्वांच्या नजरा आधी दुर्बिणीकडे वळतात. पण मराठी वाचकाला त्याच्या भाषेत तारे ओळखायला शिकवणारे एक पुस्तक साध्या शाळामास्तरांनी लिहिले. त्यांच्या नोकरीची काही वर्षे अकलूजकरांच्याच सोलापूर जिल्ह्यात, बार्शीत गेली. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

त्यांचा जन्म जुलै १८५३ मध्ये दापोली तालुक्यातील मुरूड येथे झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षण घेऊन ते शिक्षक झाले, मॅट्रिकही झाले. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांच्याकडे नव्हती. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या. बार्शीच्या इंग्रजी शाळेत ते १८८० च्या दशकात होते. दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात गणित, जुन्या पोथ्या आणि आकाश, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळी पंचांगाचा वाद पेटला होता. जुन्या ग्रंथांवरून केलेले गणित आणि प्रत्यक्ष आकाश यांत अंतर पडले होते. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला, पण मकर संक्रांत येते जानेवारीच्या मध्यावर. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर दीक्षितही ऋतूंशी मेळ राखणाऱ्या सायन पंचांगाच्या बाजूने उभे राहिले. लोकांनी ते पंचांग स्वीकारले नाही. दीक्षितांनी अभ्यास मात्र सोडला नाही.

त्यांच्या गणिताची ख्याती इतिहास संशोधकांपर्यंत पोहोचली होती. मध्य प्रदेशातील एरण येथील स्तंभावर गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार अशी नोंद आहे. ही तिथी गुरुवारी, २१ जून ४८४ रोजी येते, असे दीक्षितांनी गणिताने दाखवले. गुप्तांचा काळ ठरवताना जॉन फ्लीट यांना अशा गणिताचा मोठा आधार झाला.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध मात्र डोळ्यांनी पडताळता येण्याजोगा आहे. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असा उल्लेख आहे. आज तसे दिसत नाही. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो आणि त्याची एक फेरी सुमारे २६,००० वर्षांत पुरी होते, म्हणून ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा हळूहळू सरकतात. कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत तो काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराचा, असे दीक्षितांनी काढले. त्या ग्रंथाचा काळ यावरून ठरवावा का, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण आकाशाचे गणित पक्के आहे.

सामान्य वाचकांसाठी त्यांनी 'ज्योतिर्विलास' लिहिले. त्याचे दुसरे नाव 'रात्रीची दोन घटका मौज'. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे मास्तरांनी मागितली फक्त ४८ मिनिटे. भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्याचे हिंदी आणि इंग्रजी अनुवाद झाले. ग्रंथ आल्यानंतर दोनच वर्षांत, एप्रिल १८९८ मध्ये, पुण्यात त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ४४.

पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र येण्याचे ठिकाण मिळाले. पण मास्तरांचा कृत्तिकांचा धडा अकलूजच्या शिवारातूनही गिरवता येतो, तोही दुर्बिणीशिवाय. दिवाळी पाडव्यानंतरच्या चार-पाच रात्री निवडा. तेव्हा चंद्रकोर लवकर मावळते. गावचे दिवे मागे टाकून पूर्वेकडचे क्षितिज मोकळे दिसेल अशा जागी जा. मोबाइल खिशात ठेवा, कारण अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि पडद्याकडे एकदा पाहिले की ती मेहनत वाया जाते.

अंधार पडल्यावर काही वेळाने द्राक्षांच्या घोसासारखा कृत्तिकांचा पुंजका वर येईल. त्याच्या खालच्या झाडाची किंवा खांबाची खूण लक्षात ठेवा. सुमारे दोन तासांनी मृग नक्षत्रातील बाणाचे तीन तारे उगवतील. ते आज जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवतात. आता हात ताठ समोर धरून मूठ वळा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. बाणाची जागा आणि तुमची खूण यांत दोन-अडीच मुठींचे अंतर भरेल. कृत्तिका तेवढ्या उत्तरेकडे सरकल्या आहेत, आणि त्यासाठी त्यांना सुमारे पाच हजार वर्षे लागली आहेत.