आकाशांतील ऊ : आंरी मिन्ये याचें चरित्र

विमानविद्येचा इतिहास वाचूं लागलें म्हणजे राइट बंधु, ब्लेरिओ, लिंडबर्ग हीं नांवें पुनः पुनः आढळतात. ज्यांनीं प्रथम उड्डाण केलें, ज्यांनीं समुद्र ओलांडले, त्यांचा गौरव व्हावा हें योग्यच आहे. परंतु ज्या गृहस्थाची ओळख आम्ही आज वाचकांस करून देणार आहोंत त्यानें सर्वांत दूर, सर्वांत उंच अथवा सर्वांत वेगानें उडण्याचा मान कधींच मिळविला नाहीं. ज्याच्यापाशीं चार सुतारी हत्यारें, एक बरीशी खोली व थोडी शिल्लक आहे अशा सामान्य मनुष्यानें आपलें विमान आपणच बांधावें आणि त्यांत बसून उडावें, ही कल्पना हजारों लोकांच्या मनांत ज्यानें रुजविली तो हा आंरी मिन्ये नांवाचा फ्रेंच मनुष्य होय. त्याच्या यशाच्या पोटांतच एक मोठा घात दडलेला होता. तो आम्ही झांकून ठेवणार नाहीं; किंबहुना त्यासाठींच हें चरित्र लिहावेंसें वाटलें.

मिन्ये याचा जन्म सन १८९३ च्या आक्टोबर महिन्यांत, पश्चिम फ्रान्समध्यें, अटलांटिक किनाऱ्याजवळच्या मुलुखांत झाला. जर्मनींतील ऑटो लिलिएन्थाल हा वेताचे व कापडाचे पंख बांधून टेकडीवरून तरंगत असे; तो १८९६ सालीं कोसळून मरण पावला तेव्हां मिन्ये जेमतेम तीन वर्षांचा होता. पुढें वयांत येतां येतां ह्याच लिलिएन्थालच्या उद्योगानें त्यास वेड लाविलें, आणि विशीच्या आंतच त्यानें आपलें पहिलें यंत्र बांधावयास घेतलें. तें कांहीं नीट उडालें नाहीं. पोटासाठीं त्यानें विजेचें व बिनतारी यंत्रांचें काम पत्करिलें. पहिल्या महायुद्धांतही त्याची चाकरी बिनतारी खात्यांतच झाली. युद्ध संपल्यावर तो पुन्हां लांकूड, कापड व सरस घेऊन बसला. एकामागून एक यंत्रें झालीं. त्यांस तो आपल्या नांवाचीं आद्याक्षरें व अनुक्रमांक देई. पहिलीं कांहीं यंत्रें जमिनीवरून उठलीं न उठलीं अशींच होतीं. आठवें मात्र चांगलें उतरलें. हें एका माणसाचें, डोक्यावर एकच पंख असलेलें विमान १९२८ सालीं तयार झालें, आणि तें कसें बांधावें याची हकीकत मिन्ये यानें छापून प्रसिद्ध केल्यावर इतरांनींही तें बांधून उडविलें.

येथें कोणीही मनुष्य समाधान मानून थांबला असता. मिन्ये यास मात्र एक शल्य होतें. विमान चालविणें त्याच्या अंगवळणीं पडेना. साध्या विमानांत वैमानिकास तीन गोष्टी एकाच वेळीं सांभाळाव्या लागतात. हातांतील दांड्यानें नाक वर किंवा खालीं करावयाचें, त्याच दांड्यानें पंखांच्या टोकांशीं असलेल्या हलत्या फळ्या फिरवून विमान कुशीवर कलवावयाचें, आणि पायांखालच्या आडव्या दांड्यानें शेपटाकडील सुकाणू वळवावयाचें. हात व पाय यांचा मेळ चुकला म्हणजे विमान घसरतें. वेग कमी पडून तें गिरक्या घेत खालीं येतें, व अशा गिरक्यांनीं त्या काळीं कित्येकांचे प्राण घेतले होते. मिन्ये यास हा मेळ साधेना. दुसऱ्या एखाद्यानें आपल्या दैवास बोल लाविला असता. ह्यानें उलट विमानासच बोल लाविला. सामान्य मनुष्यास जें जमत नाहीं तें यंत्रच चुकीचें रचिलें आहे, असा त्याचा सिद्धांत होता. हा सिद्धांत आम्हांस अंगीं नुसता हट्ट असणाऱ्याचा वाटत नाहीं. पुष्कळ शोध अशाच अडेलपणांतून निघाले आहेत.

ह्या विचारांतून त्याचें चौदावें यंत्र जन्मास आलें. पॅरिसच्या ईशान्येस, स्वासों गांवाजवळच्या मोकळ्या रानांत पत्नी आनेत हिच्यासह मुक्काम करून त्यानें त्याच्या चांचण्या घेतल्या, आणि सन १९३३ च्या सप्टेंबरांत तें उडालें. विमान कसलें, एक लांकडी पेटीच ती! प्लायवुडची होडीसारखी अरुंद कुडी, लांबी साडेतीन मीटरांच्या आसपास. वजन सुमारें शंभर किलो, म्हणजे धान्याच्या एका मोठ्या पोत्याएवढें. पुढें मोटारसायकलीच्या जातीचें लहानसें एंजिन. पंख दोन, परंतु एकावर एक नव्हेत, तर एकामागें एक. पुढचा पंख वैमानिकाच्या डोक्यावर बिजागरीवर बसविलेला. मागचा त्याच्या पाठीशीं, किंचित् खालीं, व दोहोंमध्यें एक फट. टोकांवरच्या हलत्या फळ्या नाहींत, पायांखालचा दांडाही नाहीं. हातांतील एकच दांडा मागें ओढला कीं पुढच्या पंखाचा तोंडवळा वर होई व विमान चढे. डावीउजवीकडे केला कीं सुकाणू वळे, आणि पुढच्या पंखाचीं टोकें वर उचललेलीं असल्यामुळें विमान आपोआप योग्य बाजूस कले. दोन पंखांमधील फटींतून जाणारा वारा मागच्या पंखावर नीट वाहत राही, म्हणून वेग कमी पडला तरी विमान गिरकी न घेतां नुसतें खालीं खालीं बसे. ज्या मरणाचें भय सर्वांस होतें तें ह्या रचनेनें टळलें होतें.

फ्रान्समध्यें फोर्ड कंपनीच्या टी नमुन्याच्या स्वस्त मोटारीस लोक थट्टेनें रस्त्यावरची ऊ म्हणत. मिन्ये यानें तीच थट्टा उचलून आपल्या विमानास आकाशांतील ऊ, म्हणजे फ्रेंच भाषेंत पू द्यु सिएल, असें नांव ठेविलें. इंग्रजांनीं भाषांतर करतांना उवेची पिसू केली. किड्यामुंगीचें नांव मोठ्या अभिमानानें मिरविणारें दुसरें विमान आमच्या पाहण्यांत नाहीं.

सन १९३४ मध्यें मिन्ये यानें हवेंतील क्रीडेविषयीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत विमानाची केवळ आकृति नव्हती. लांकूड कोणतें घ्यावें, सरस कसा लावावा, खिळे किती अंतरावर मारावे, कापड कसें ताणावें, आणि विमान तयार झाल्यावर प्रथम जमिनीवरून धांवत, मग अर्धा पुरुष उंचीनें, मग त्याहून वर असें उडावयास आपलें आपण कसें शिकावें, हें सर्व त्यांत होतें. ज्यास लांकडी खोका ठोकून बंद करतां येतो त्यास हें विमान बांधतां येईल, असा त्याचा एकंदर भाव होता. आमच्या शाळेंतील सुतारकामाच्या वर्गांत ज्यांच्या चौरंगाचे चारही पाय एका वेळीं जमिनीस टेंकत नाहींत त्यांनीं हें वाक्य फारसें मनावर घेऊं नये. परंतु युरोपांतील लोकांनीं तें फारच मनावर घेतलें. १९३५ सालीं इंग्लंडांतील एअर लीग ह्या संस्थेनें पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर छापलें, आणि त्याच्या प्रती हातोहात खपल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टांत मिन्ये स्वतः आपल्या पिसूंत बसून इंग्लिश खाडी ओलांडून गेला. ब्लेरिओनें तीच खाडी १९०९ सालीं प्रथम ओलांडली होती. सव्वीस वर्षांनीं एक मनुष्य तोच पराक्रम घरीं बांधलेल्या पेटींतून करीत होता, आणि खालीं उभ्या असलेल्या लोकांच्या मनांत एकच विचार होता कीं हें आपणांसही जमेल.

मग तर उधाणच आलें. गाड्या ठेवण्याच्या पडवींत, तबेल्यांत, माळ्यावर, बैठकीच्या खोलींतही लोक पंखांच्या फांसळ्या चिकटवूं लागले. ज्यांस लांकूड कापण्याचा कंटाळा त्यांच्यासाठीं कापून ठेविलेले भाग, लोखंडी सांधे व चाकें यांचे संच विक्रीस निघाले. दोनचार कारखान्यांनीं तर तयार विमानेंही बांधून विकलीं. एकानें अर्धवट सोडलेलें दुसऱ्यानें विकत घ्यावें, त्याची डागडुजी करावी व पुरें करावें, असेंही होई. एंजिनाची अडचण मोठी. कोणी मोटारसायकलीचें बसवी, कोणी लहान फोर्ड मोटारीचें फेरफार करून बसवी. पुष्कळांचीं विमानें शेताच्या एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत उड्या मारण्यापलीकडे गेलींच नाहींत. सारा खर्च शंभर पौंडांच्या आंत बसे. एकट्या ब्रिटनमध्यें शंभराहून अधिक पिसवांची सरकारदप्तरीं नोंद झाली. त्यांचे मालक सरदार नव्हते. ते कारागीर, दुकानदार, कारकून व नुकतेच शाळा सोडलेले तरुण होते.

आणि मग माणसें मरूं लागलीं.

फ्रान्समध्यें व इंग्लंडांत, १९३५ च्या उत्तरार्धापासून १९३६ पर्यंत, प्राणघातक अपघातांच्या वार्ता एकीमागून एक येऊं लागल्या. मरणाऱ्यांत केवळ शिकाऊ नव्हते, मुरलेले लष्करी वैमानिकही होते. पाहणाऱ्यांची हकीकत बहुधा एकच असे. विमानानें नाक खालीं केलें, तें वर उचललेंच नाहीं, आणि तें सरळ जमिनींत शिरलें. प्रथम बांधणाऱ्यांच्या हातास दोष देण्यांत आला. अखेर इंग्लंडांत फार्नबरो येथें व फ्रान्समध्यें शाले-मदों येथें, जेथें मोठमोठ्या पंख्यांनीं वाऱ्याचा प्रवाह सोडून संपूर्ण विमान तपासतां येत असे अशा बोगद्यांत, पिसू टांगण्यांत आली, आणि खरें कारण उघड झालें. विमानाचें नाक ठराविक मर्यादेपलीकडे खालीं गेलें असतां वैमानिक स्वाभाविकपणें दांडा मागें ओढतो. तसें केल्यानें पुढच्या पंखाची मागची कड खालीं येऊन मागच्या पंखाच्या अगदीं जवळ जाई. फट अरुंद होई, तींतून वारा जोरानें धांवे, आणि मागचा पंख अधिकच उचलला जाऊन नाक आणखी खालीं दाबलें जाई. वांचण्यासाठीं मनुष्य जितका दांडा ओढी तितकें विमान त्यास खालीं लोटी. जी फट एका मरणापासून राखीत होती तीच दुसऱ्या मरणाचें द्वार होती.

मिन्ये याचीं स्वतःचीं उड्डाणें ह्याच विमानांत निर्वेध झालीं होतीं, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. तो सावकाश व बेतानें उडे. त्याचें यंत्र हलकें असे. इतरांनीं जड एंजिनें बसविलीं, मापांत थोडा फरक केला, भाराचा मध्यबिंदु पुढेंमागें सरकला, आणि दडलेला दोष वर आला. म्हणून त्यास फसवा म्हणणें अन्याय होईल. परंतु त्यास सर्वस्वीं निर्दोष म्हणावयासही आमचें मन घेत नाहीं. सरकारी पंडित, त्यांचीं गणितें व त्यांचे बोगदे यांविषयीं त्याच्या लिहिण्यांत उपहास भरलेला होता. आणि जो दोष हातांस व डोळ्यांस कळण्याजोगा नव्हता तो ज्यानें कळला असता तें साधन ह्या उपहासाबरोबर दूर राहिलें. स्वतःच्या जिवावर प्रयोग करणें हें धाडस आहे. छापील पुस्तकावर विश्वास ठेवणाऱ्या अनोळखी माणसाच्या जिवावर तो प्रयोग जाऊन पडतो तेव्हां त्यास दुसरें नांव द्यावें लागतें.

ब्रिटिश सरकारनें १९३६ सालीं नवे परवाने देणें बंद केलें. त्याच ऑगस्टांत रॅम्सगेट येथें पिसवांची एक आंतरराष्ट्रीय शर्यतही झाली, परंतु तो विझत्या दिव्याचा शेवटचा भडका होता. कित्येकांनीं आपलीं अर्धवट विमानें तशींच माळ्यावर टाकून दिलीं.

मिन्ये यानें मात्र पाठ फिरविली नाहीं. त्यानें पंखांचा छेद बदलला, दोहोंमधील अंतर व त्यांची रचना सुधारली, आणि पुढचे नमुने काढले. १९३७ सालीं तो अमेरिकेंत गेला व तेथें विमानें बांधण्याचा उद्योग मांडला. तो फळास आला नाहीं, आणि तो स्वदेशीं परतला. त्यानंतर दुसरें महायुद्ध झालें, व त्या काळांत खाजगी उड्डाणाचें नांवच उरलें नाहीं. युद्धानंतर तो दक्षिण अमेरिकेंत आर्जेन्टिना व ब्राझील, पुढें जपान आणि मोरोक्को असा हिंडत राहिला. जेथें जाई तेथें दोन पंख एकामागें एक असलेलें नवें विमान उभें करी. धन त्यास कोठेंच मिळालें नाहीं.

त्याच्या पुस्तकानें पेटविलेल्या लोकांनीं मधल्या काळांत निराळाच मार्ग धरला होता. फ्रान्समधील हौशी बांधणाऱ्यांनीं त्याच्या ग्रंथाचेंच नांव घेऊन आपला संघ उभारला. ब्रिटनमध्यें १९४६ सालीं हलक्या विमानांचा संघ स्थापन झाला, आणि अमेरिकेंत १९५३ सालीं मिलवॉकी येथें तशीच संस्था निघाली. ह्या मंडळींनीं मिन्ये याची अर्धी गोष्ट ठेविली व अर्धी बदलली. विमान घरींच बांधावयाचें, परंतु आराखडा जाणत्यांनीं तपासलेला असावा. आणि ब्रिटनमधील पद्धतीप्रमाणें, पंखावर कापड चढवून आंतील लांकूड झांकून टाकण्यापूर्वीं तपासनीसानें येऊन प्रत्येक सांधा डोळ्यांनीं पाहावा. मिन्ये याच्या सुधारलेल्या रचनेचीं विमानेंही ह्याच मार्गानें पुन्हां आकाशांत आलीं.

आंरी मिन्ये सन १९६५ च्या ऑगस्टांत, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, फ्रान्समध्यें मरण पावला. त्याच्या चौदाव्या यंत्राचे कांहीं जुने नमुने फ्रान्स व इंग्लंडांतील वस्तुसंग्रहालयांत राहिले आहेत. त्यांपैकीं पुष्कळ, ज्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत अशा माणसांनीं आपापल्या घरीं बांधलेले आहेत. पेटीसारख्या त्या कुडींत वांकून पाहिलें तर बसावयाची अरुंद जागा व एक दांडा, एवढेंच दिसतें. पायांसाठीं तेथें कांहीं नाहीं.