खाटेवरून ऐकलेले गाणे

घरात कुणाला क्षय झाला, की त्या घराचे दार आपोआप लोटले जाते. येणारे-जाणारे कमी होतात आणि घरातली माणसेही हलक्या आवाजात बोलू लागतात. आमच्या आप्पांच्या आजाराचे निदान झाले, तेव्हा हे मी जवळून पाहिले. तीस वर्षे विठ्ठलमंदिरात पखवाज वाजवणारा माणूस एकादशीच्या रात्री भिंतीकडे तोंड करून पडून राही. देवळातले भजन ऐकून त्यांना अधिकच वाईट वाटेल, म्हणून मी खिडकी लावून घेई. त्याच दिवसांत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कुमार गंधर्वांचे चरित्र वाचनात आले आणि माझी चूक मला उमगली. म्हणून हा लेखनप्रपंच.

कुमारांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळच्या सुळेभावी या खेड्यात. हा मुलगा लहान वयातच मोठमोठ्या गवयांच्या ग्रामोफोन तबकड्या ऐकून त्यांचे गाणे हुबेहूब गाऊन दाखवी. त्याचे हे अद्भुत सामर्थ्य पाहून एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली आणि तेच त्याचे नाव झाले. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये भल्याभल्या जाणकारांनी त्याला डोक्यावर घेतले. पुढे प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे मुंबईत शिक्षण झाले. तबकडीवरून उचललेल्या गाण्याच्या जागी स्वतःचा विचार आला.

१९४७ साली देवधरांच्याच विद्यालयातील भानुमतींशी त्यांचा विवाह झाला. संसार नुकता मांडला होता, नाव गाजत होते, आणि नेमका तेव्हाच क्षयाने घाला घातला. वय अवघे तेवीस! आज या रोगावर सहा महिन्यांचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. त्या काळी मात्र विश्रांती, सकस अन्न आणि कोरडी हवा यांवरच मुख्य भिस्त होती. डॉक्टरांच्या सल्ल्याने १९४८ च्या प्रारंभी हे जोडपे माळव्यातील देवासला येऊन राहिले. गाण्याला सक्त मनाई झाली. ज्याचा श्वास म्हणजेच गाणे, त्याचे फुप्फुसच दुखणाईत झाले होते.

देवास मराठी माणसाला परके नाही. पवार घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थाने तिथे होती. उस्ताद रजबअली खाँ तिथलेच रहिवासी. परंतु खाटेला खिळलेल्या कुमारांना मैफलीला जाणे कुठले शक्य? मग मैफलच त्यांच्या दाराशी येऊ लागली. लग्नसराईत बायका गाणी म्हणत, सणावारी आणि पावसाळ्यात निराळी गाणी होत. नाथपंथी जोगी निर्गुण भजने गात भिक्षेला येत. या मंडळींना आपले गाणे कुणी मोठा गवई ऐकतो आहे, हे ठाऊकही नसेल. त्यांच्या नित्याच्या जगण्यातले ते गाणे होते. लहानपणी तबकडीतून ऐकणारे कुमार आता जिवंत कंठातून, कामाच्या आणि चालण्याच्या लयीतून गाणे ऐकत होते.

भानुमतींचा उल्लेख केल्यावाचून ही पाच वर्षे सांगता येणार नाहीत. त्यांनी देवासच्या शाळेत नोकरी करून घर चालवले आणि शुश्रूषाही केली. मित्रांचाही मोठा आधार होता. इंदूरचे रामूभैय्या दाते, पत्रकार राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर अशा रसिकांशी कुमारांचा स्नेह जडला. रोग्याभोवती माणसे असणे हेही एक औषधच असते, असे मला वाटते.

अमेरिकेत १९४३ साली लागलेला स्ट्रेप्टोमायसिनचा शोध हळूहळू आपल्याकडे पोहोचला. या औषधाने १९५२ च्या सुमारास कुमारांना उतार पडला. एक फुप्फुस मात्र जवळजवळ निकामी झाले. तरीही १९५३ साली ते पुन्हा मैफलीत बसले. खाटेवरून ऐकलेल्या धुनांनी त्यांच्या मनात घर केले होते. तीन-चार स्वरांत फिरणाऱ्या लोकधुनेत रागाचे बीज असते, हा विचार त्यांनी मांडला आणि मालवती, लगनगांधार, संजारी, अहिमोहिनी यांसारखे धुनउगम राग निर्माण केले. माळव्याच्या लोकगीतांचा स्वतंत्र कार्यक्रम केला. निर्गुणी भजने त्यांनी घरोघर पोहोचवली. साध्या घरगुती प्रसंगांवरही बंदिशी बांधल्या. ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या रचनांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला.

सुखदुःखाचा पाठशिवणीचा खेळ पुढेही चालूच राहिला. १९६१ साली भानुमतींचे निधन झाले. नंतर वसुंधराताईंची साथ संसारात आणि गाण्यात लाभली. १९७७ साली पद्मभूषण, १९९० साली पद्मविभूषण हे सन्मान आले. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांनी देह ठेवला. जिथे ते आजारी म्हणून आले, ते गाव त्यांनी बरे झाल्यावरही सोडले नाही!

आजारानेच कुमार मोठे झाले, असे कुणी म्हणतात. मला ते पटत नाही. त्यांचे वेगळेपण आधीच दिसू लागले होते. रोगाने त्यांचे फुप्फुस नेले, पाच वर्षे नेली. त्या काळात जे मिळाले, ते कान उघडे ठेवल्यामुळे मिळाले. बरे झाल्यावर जगू, असे म्हणून ते थांबले नाहीत. उपचार चालू असतानाचा दिवसही आयुष्यातलाच दिवस असतो.

आता एकादशीला मी खिडकी उघडी ठेवतो. आप्पांच्या गोळ्या अजून दोन महिने चालतील. थुंकीची तपासणी निर्दोष आल्यावर डॉक्टरांनी त्यांना देवळात जाण्याची परवानगी दिली. परवा आईने पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा मुद्दाम बाजूला काढून ठेवला. आप्पांनी तो पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावला. एक अभंग वाजवून झाल्यावर त्यांना धाप लागली, तेव्हा पखवाज दुसऱ्याकडे देऊन ते खांबाला टेकून बसले आणि शेवटपर्यंत ऐकत राहिले.

(द्वितीय वर्ष, कला)